वाहनाला दृष्टी, समाजाला शिस्त

(पलूस येथे रस्ता सुरक्षा या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पलूसच्या मातीला यंत्र परके नाही. याच तालुक्यात, कुंडलजवळच्या ओसाड माळावर, औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगराची कथा सर्वश्रुत आहे. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकण्यासाठी दोन वर्षे लागली. त्या कथेचे सार एवढेच की, यंत्र कितीही उत्तम असले तरी ते येथील मातीत उतरावे लागते आणि येथील माणसाच्या मनात रुजावे लागते. आजचा विषय एका नव्या यंत्राचा आहे. रस्त्याकडेचा वेगमर्यादेचा फलक कॅमेऱ्याने वाचून चालकाला सावध करणारी आणि प्रसंगी गाडीचा वेग आवरणारी यंत्रणा आता भारतीय मोटारींत आली आहे. ती आपल्या रस्त्यांवर कितपत रुजेल, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात घेतले पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदलेले आहेत. एखाद्या युद्धात एवढी मनुष्यहानी झाली असती तर राष्ट्र हादरून गेले असते. रस्त्यावरचा मृत्यू मात्र एकेकट्याने येतो. एका घराचा कर्ता पुरुष जातो, एखाद्या शाळेच्या हजेरीपटावरचे एक नाव कमी होते आणि समाज दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागतो.

वेगाचे गणित निष्ठुर असते. संकट दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. कोरड्या आणि चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास एकूण सुमारे २० मीटर, ६० च्या वेगाला सुमारे ३७ मीटर, तर ८० च्या वेगाला सुमारे ५७ मीटर अंतर लागते. याचा अर्थ असा की, ६० च्या वेगाने आलेली गाडी ज्या जागी पूर्ण थांबते, त्याच जागी ८० ने आलेली गाडी अजून साठच्या आसपास वेगाने धावत असते. पहिल्या गाडीपुढचे मूल वाचते, दुसरीपुढचे वाचत नाही. चालकाच्या दृष्टीने हा फरक केवळ वीस किलोमीटरचा असतो.

हा फरक चालकाला वेळीच कळावा, यासाठी ही यंत्रणा आहे. समोरच्या काचेच्या आत, आरशाच्या मागे एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो. तो दर सेकंदाला रस्त्याची अनेक चित्रे टिपतो. गाडीतला संगणक त्या चित्रांत पांढऱ्या वर्तुळाभोवतीचे लाल कडे शोधतो. ते सापडले की आतील काळे अंक वाचतो. एकाच चित्रावर विसंबून न राहता, गाडी पुढे सरकत असताना फलक मोठा होत जातो त्या ओळीने आलेल्या चित्रांशी तो पडताळा घेतो आणि मगच निर्णय देतो. काही गाड्यांत उपग्रहाधारित नकाशाशीही मेळ घातला जातो. त्यानंतर चालकासमोर मर्यादेचा आकडा उमटतो आणि वेग अधिक असेल तर सूचना मिळते. काही गाड्यांत इंजिनाची शक्तीही हळूहळू कमी केली जाते.

हे तंत्र युरोपात २००८ च्या सुमारास महागड्या मोटारींतून अवतरले. २०११ मध्ये जर्मनीतील रस्त्यांवरच्या ४३ प्रकारच्या फलकांची पन्नास हजारांवर छायाचित्रे घेऊन एक स्पर्धा झाली. तीत सर्वोत्तम संगणकीय प्रणालीने ९९.४६ टक्के फलक अचूक ओळखले, तर तीच छायाचित्रे पाहणाऱ्या माणसांची अचूकता ९८.८४ टक्के होती. पुढे युरोपीय संघाने वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना बंधनकारक केली. तेथेही अंतिम अधिकार चालकाचाच राखलेला आहे, हे विशेष.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाचा इशारा देणारी घंटी आली. ताशी ८० किलोमीटरच्या वर ती अधूनमधून वाजते, १२० च्या वर अखंड वाजते. परंतु ही घंटी आंधळी आहे. गाडी कोणत्या रस्त्यावर आहे, याची तिला जाणीव नसते. गावातल्या शाळेसमोरून कोणी ७५ च्या वेगाने गेला तर ती मौन पाळते. फलक वाचणारा कॅमेरा ही उणीव भरून काढतो. २०२१ मध्ये आलेल्या आणि चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० या गाडीत फलक ओळखण्याची सोय देण्यात आली. त्यानंतर टाटांच्या हॅरियर आणि सफारी या पुण्यात बनणाऱ्या गाड्यांतही ती आली. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर तयार झालेली गाडी आज रस्ता वाचू लागली आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांवर आधारलेली वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली. तो कॅमेरा रस्त्यावर आहे. वेग मोडल्यावर तो दंडाची पावती पाठवतो. गाडीतला कॅमेरा वेग मोडण्याआधी कानाशी येऊन सांगतो. पहिला शासन करतो, दुसरा सावध करतो. घरात वडीलधारे माणूस चूक होण्यापूर्वी टोकते, तसे या दुसऱ्या कॅमेऱ्याचे काम आहे. समाजाच्या दृष्टीने त्याचे मोल अधिक.

आता पलूसच्या रस्त्याकडे वळू या. कराडहून तासगावकडे जाणारा मार्ग या गावातून जातो. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या दुचाकी, भिलवडीकडून येणाऱ्या दुधाच्या गाड्या, द्राक्षांचे टेम्पो, औदुंबरच्या दत्तदर्शनाला निघालेले पायी भाविक, शाळा सुटल्यावर सायकलवरून घरी परतणाऱ्या मुली, असा सगळा संसार एकाच डांबरी पट्टीवर चालतो. गळीत हंगाम सुरू झाला की त्यात उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांची भर पडते. रात्रीच्या अंधारात मागे परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली समोर आली की वेगाने येणाऱ्या चालकाच्या हाती फार थोडे क्षण उरतात.

परदेशातील स्वच्छ, रेखीव रस्त्यांवर शिकलेला कॅमेरा येथे आला तर तो काय वाचील? वेगमर्यादेचा लाल कडे असलेला फलक तो ओळखील. कारण १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ताचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८० मध्ये सामील झाला आणि ते चिन्ह आपल्याकडेही तसेच आहे. परंतु ‘पुढे शाळा आहे’, ‘अपघाती वळण’, ‘वाहने सावकाश हाका’ हे देवनागरीतले इशारे त्याला निव्वळ रेघोट्या वाटतील. मालमोटारीच्या मागे रंगवलेला वेगमर्यादेचा आकडा तो रस्त्याचीच मर्यादा समजण्याची शक्यता आहे. स्टिकर लावलेल्या मालमोटारींमागे युरोपातही कॅमेऱ्यांची अशी फसगत झालेली आहे. झाडाच्या फांदीआड गेलेला, धुळीने माखलेला, धडक बसून वाकलेला फलक त्याला दिसणारच नाही.

म्हणून या क्षेत्रात स्वदेशीचा आग्रह हा केवळ भावनेचा विषय नाही, तो शास्त्रीय गरजेचा विषय आहे. यंत्र जे पाहते तेच शिकते. त्याला भारतीय रस्ता शिकवायचा तर भारतीय रस्त्याचीच चित्रे दाखवावी लागतात. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने भारतीय रस्त्यांवरील दहा हजार चित्रांचा संग्रह तयार झाला आणि तो जगभरच्या संशोधकांना खुला करण्यात आला, हे याच दिशेचे पाऊल होते. याच संस्थेच्या सहभागातून २०२१ मध्ये नागपुरात महापालिकेच्या बसगाड्यांवर कॅमेरे बसवून चालकाला धडकेचा पूर्वइशारा देण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यामागची कल्पना अशी की, बसचालकाला जेथे वारंवार इशारे मिळतात ती जागा, तेथे अपघात घडण्यापूर्वीच, धोक्याची म्हणून नोंदवावी आणि सुधारावी. माणसे दगावल्यावर ‘अपघातप्रवण क्षेत्र’ अशी पाटी लावण्याच्या रूढ पद्धतीपेक्षा हा विचार कितीतरी अधिक माणुसकीचा आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनांची चाचणी करणारी संस्था तर १९६६ पासून कार्यरत आहे. प्रज्ञा येथे आहे, साधने येथे आहेत. देवनागरी वाचणारा, बैलगाडी ओळखणारा आणि दिंडी पाहून थबकणारा कॅमेरा दुसरे कोणी घडवून देणार नाही. तो येथेच घडवावा लागेल.

परंतु स्वदेशी कॅमेरा घडवूनही एक प्रश्न शिल्लक राहतोच. कॅमेरा लिहिलेले वाचतो. न लिहिलेले कसे वाचणार? आणि खोटे लिहिले असेल तर तेही तो खरे मानूनच वाचणार. २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ३५ च्या फलकावरील तीनच्या आकड्याची मधली रेघ काळ्या चिकटपट्टीच्या लहानशा तुकड्याने लांबवली. माणसाच्या डोळ्याला ते ३५ च दिसत होते, मोटारीच्या कॅमेऱ्याने मात्र ८५ वाचले आणि स्वयंचलित वेगनियंत्रणावर असलेली ती गाडी वेग वाढवू लागली. तेथे तो प्रयोग होता. आपल्याकडे असा प्रयोग मुद्दाम करण्याची आवश्यकताच भासत नाही! वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, उद्घाटनांचे, शिकवणी वर्गांचे कागद रस्त्याच्या फलकावर बिनदिक्कत चिकटवले जातात. रस्त्याचे काम संपल्यावरही तात्पुरता २० चा फलक वर्षभर तसाच उभा राहतो. मग चालक फलकाकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो आणि यंत्राच्या सूचनेला वैतागून ती बंद करून टाकतो. जो फलक खोटे बोलतो, तो शेजारच्या खऱ्या फलकाचीही पत घालवतो.

वेगमर्यादेचा फलक हे समाजाने दिलेले वचन आहे. या ठिकाणी या वेगाने चाललास तर तू आणि समोरचा दोघेही सुखरूप घरी पोहोचाल, असे ते वचन सांगते. ते वचन खरे ठेवण्याची जबाबदारी प्रथम शासनाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादा ठरवण्याची, तर कलम ११६ मध्ये चिन्हे उभारण्याची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८ अ नुसार रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांत ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद कलम २१५ मध्ये आहे. ग्रामसभेने ठराव करून कोणत्या शाळेजवळ फलक नाही, कोणत्या वळणावरचा फलक झाकला गेला आहे, हे त्या समितीपुढे लेखी मांडले पाहिजे. कायदा हाताशी असताना तो न वापरणे हाही एक प्रकारचा आळसच होय.

दुसरी जबाबदारी समाजाची. १९४२ नंतर याच कुंडल परिसरात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने परकी सत्तेला आव्हान दिले आणि गावोगावचे तंटे लोकांनीच सोडवले. ज्या भूमीने परक्याचा कायदा झुगारून स्वतःची शिस्त उभी केली, त्या भूमीला स्वतःच्या राज्यात स्वतःचा फलक पाळणे जड जावे, हे शोभणारे नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनाच्या पाच सूत्रांत ‘स्व’चा बोध आणि नागरिक कर्तव्य ही दोन्ही आहेत. या विषयात ती दोन्ही एकत्र येतात. कॅमेरा आपला हवा आणि फलक पाळण्याची सवयही आपलीच हवी.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. गळीत हंगामापूर्वी प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलगाडीला परावर्तक पट्टी लावणे, गणेशोत्सव मंडळांनी वर्षातून दोनदा आपल्या हद्दीतील फलक धुऊन त्यांवरचे कागद काढणे, फलकाआड आलेल्या फांद्यांची माहिती ग्रामपंचायतीला देणे, शाळकरी मुलांना चिन्हांचा अर्थ शिकवणे, ही कामे कोणतेही गाव आपल्या बळावर करू शकते. नवी गाडी घेणाऱ्याने वेगाची सूचना देणारी सोय बंद न करण्याचा नियम स्वतःला घालून घ्यावा. आणि फलकावरचा आकडा हे गाठायचे लक्ष्य नसून ओलांडू नये अशी सीमा आहे, हे घरातील तरुण मुलाला गाडीची किल्ली देतानाच सांगावे. पुढे उसाची गाडी असेल, धुके असेल, दिंडी असेल तर त्या आकड्याच्याही खाली यावे लागते. तेवढा विवेक अजून कोणत्याही कॅमेऱ्यात आलेला नाही. तो चालकाकडेच असावा लागतो.

तालुक्यातील बहुसंख्य वाहनांना असा कॅमेरा मिळण्यास अजून बरीच वर्षे लागतील. तोवर जुनी जीप, दुचाकी आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यांच्या दोन डोळ्यांवरच येथील मुलाबाळांचे प्राण अवलंबून आहेत. ते डोळे फलक वाचणारे असतील तर उद्याचे यंत्र येथे सहज रुजेल. ते डोळे फलकाकडे पाठ फिरवणारे असतील तर कितीही महागडा कॅमेरा काचेमागची शोभा ठरेल. स्वच्छ, खरा आणि पाळला जाणारा प्रत्येक फलक म्हणजे एका घरात संध्याकाळी सुखरूप परतलेले एक माणूस होय. पलूसच्या प्रत्येक गावाने येत्या हंगामापूर्वी आपल्या वेशीवरच्या फलकापासून या कार्याचा प्रारंभ करावा.

भारत माता की जय!