काळ्या मातीत लिहिलेला हवेचा इतिहास

(चोपडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पंचमहाभूतांपैकी वायू हे आपल्या सर्वांत निकटचे आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित भूत. पाण्यासाठी आपण तापीकडे पाहतो, अन्नासाठी मातीकडे पाहतो. हवेकडे मात्र श्वास कोंडल्याशिवाय आपले लक्ष जात नाही. ही हवा सृष्टीच्या आरंभापासून अशीच असावी, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. पृथ्वीच्या सुमारे ४५४ कोटी वर्षांच्या आयुष्यात हवेची घडण अनेकदा पालटली. त्या स्थित्यंतरांतील एक मोठा अध्याय आपल्या खानदेशच्या खडकांत नोंदलेला आहे. मी वृत्तपत्राच्या क्षेत्रातला, कला शाखेचा पदवीधर. तेव्हा प्रयोगशाळेच्या परिभाषेपेक्षा शेत-शिवाराच्या भाषेतच हा विषय मांडणार आहे.

आज कोरड्या हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग ऑक्सिजन आणि जेमतेम १ भाग आर्गॉन असतो. ज्याची एवढी चर्चा होते तो कार्बन डायऑक्साइड दहा हजार भागांत अवघे चार भाग! इतक्या अल्प वायूने असे काय बिघडते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. भांडेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते. जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता नायट्रोजन आणि ऑक्सिजन अडवत नाहीत. ती अडवतात बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनसारखे अल्पसंख्य वायू. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी शून्याखाली १८ अंश राहिले असते. म्हणजे हा वायू शत्रू नव्हे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा, आणि त्याहून अधिक गतीचा.

प्राणवायू : जीवसृष्टीची कमाई

आरंभीच्या हवेत मुक्त प्राणवायू जवळजवळ नव्हताच. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे सूक्ष्म नीलहरित जीव समुद्रात आले आणि त्यांनी तो निर्माण केला. परंतु तो लगेच हवेत साठला नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या लोहाने तो गिळला आणि त्या लोहाचे थर तळाशी बसले. गोव्यातील आणि सिंधुदुर्गातील रेडीचे लोहखनिज अशाच प्राचीन थरांशी संबंधित आहे. पुढे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू हवेत टिकू लागला. त्यातूनच ओझोनचे छत्र तयार झाले आणि जमिनीवर जीवन शक्य झाले. आपला प्रत्येक श्वास ही त्या असंख्य अनाम जीवांची पुण्याई आहे.

खानदेशचा अध्याय

आता आपल्या भूमीकडे वळू. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला पाहा, अजिंठ्याचा डोंगर पाहा. सगळीकडे थरावर थर रचलेला काळा पाषाण दिसेल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला हा लाव्हा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. त्या उद्रेकांतून प्रचंड प्रमाणात गंधकाचे वायू आणि कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळले. गंधकाने काही काळ थंडी आणली, कार्बनने दीर्घकाळ उष्मा वाढवला. त्याच सुमारास मेक्सिकोजवळ एक महाकाय अशनी आदळला आणि डायनोसॉर नष्ट झाले. त्या संहारात या लाव्हाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

पण कथेचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. ज्या पाषाणाने हवेत कार्बन ओतला, त्याच पाषाणाने तो परतही घेतला. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. ते काळ्या खडकाला झिजवते, त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवते. हे क्षार तापीतून सुरतेजवळ समुद्राला मिळतात. तेथे शंख-शिंपल्यांच्या रूपाने कार्बन बंदिस्त होतो आणि कालांतराने त्याचा चुनखडक बनतो. त्या झिजेतून आपली कापूस पिकवणारी काळी माती जन्मली. नांगरताना तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे लागतात ना? त्यांतही हवेतलाच कार्बन कोंडलेला आहे. निसर्गाची ही हिशेबवही चोख आहे. मात्र तिची एक एक नोंद पुरी होण्यास हजारो-लाखो वर्षे लागतात.

दोनशे वर्षांची घाई

आपल्याच जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे कोळसा जळतो. चंद्रपूर परिसरातला कोळसा म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांहूनही जुन्या अरण्यांनी हवेतून शोषलेला कार्बन. निसर्गाने कोट्यवधी वर्षांत पुरलेली ठेव जगाने दोनशे वर्षांत उकरण्यास आरंभ केला. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावर सातत्याने मोजमाप सुरू केले, तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. २०२४ मध्ये त्याने ४२० ओलांडले. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात की, औद्योगिक युगापूर्वीच्या ८ लाख वर्षांत हे प्रमाण ३०० च्या फारसे पुढे कधी गेले नव्हते.

हे ज्वालामुखींचे काम नसेल कशावरून? आजचे सर्व ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या किमान पन्नास पट माणूस सोडतो. शिवाय कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार सजीवांत असतो, पण जुन्या कोळशात तो पूर्णपणे संपलेला असतो. हवेत या प्रकाराचे प्रमाण पातळ होत गेले, हा कोळसा-तेलाच्या धुराचा जणू अंगठ्याचा ठसाच.

वीज नको, कारखाने नकोत, असे मी म्हणणार नाही. ज्या देशांनी दीडशे वर्षे धूर सोडला त्यांची जबाबदारी मोठी आहे, हेही निःसंशय. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि केळीची पाने करपतात, तेव्हा ऊन कोणाचा दोष किती हे विचारत नाही. झळ चोपड्याच्या शेतकऱ्यालाच बसते.

आपल्या हातात काय?

निराश होण्याचे कारण नाही. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या छत्राला पडलेले छिद्र जगासमोर आले. १९८७ साली माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला, घातक रसायने मागे पडली आणि आज ते छत्र हळूहळू सावरत आहे. माणसाने बिघडवलेली हवा माणूस सुधारू शकतो, याचा हा पुरावा आहे.

आपल्यापुरते एक काम सांगतो. कापसाच्या पऱ्हाट्या आपण बांधावर पेटवतो. बोंडअळीमुळे त्या शेतात उभ्या ठेवता येत नाहीत, हे खरे. त्यांतला कार्बन गेल्याच हंगामात हवेतून आलेला, हेही खरे. पण जाळल्याने काजळी आपल्याच मुलांच्या छातीत जाते आणि माती उपाशी राहते. पऱ्हाट्या आणि केळीचे खांब यंत्राने बारीक करून नीट कुजवले, तर त्यातला काही कार्बन जमिनीत मुरतो, पोत सुधारतो, ओल टिकते. ज्या काळ्या मातीने युगानुयुगे हवेचे ओझे वाहिले, तिला तिचा वाटा परत देणे हे आपले साधे कर्तव्य आहे.

हवेला गावाची वेस नसते, जात नसते, देशाची सीमाही नसते. म्हणूनच ती जपण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही. येत्या हंगामात गावातल्या निदान दहा शेतकऱ्यांनी पऱ्हाटीला काडी न लावण्याचा निश्चय केला, तरी आजच्या सायंकाळचे सार्थक झाले असे मी मानेन.