झाकण्याआधी दाखवणारा ठेकेदार

आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा आईने एकच मागणी केली. वरच्या मजल्याला रस्त्याच्या बाजूने गॅलरी हवी! जुन्या घराच्या गॅलरीतून तिने पन्नास वर्षं गणपतीच्या मिरवणुका पाहिल्या होत्या. मी तीन ठेकेदारांकडून दर मागवले. ज्याचा दर कमी, त्याला काम, इतका साधा माझा हिशेब होता.

आमचे शेजारी निवृत्त इंजिनीअर. ते म्हणाले, ''मिरवणुकीच्या दिवशी तुमच्या गॅलरीत किती माणसं असतात?'' मी म्हटलं, वीस-पंचवीस. ''आणि सगळी कठड्याला टेकून, म्हणजे नेमकी बाहेरच्या टोकाला!'' भारतीय मानकांनुसार घरातल्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरतात आणि गॅलरीसाठी तीनशे, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबला मधल्या भागात ताण खालच्या बाजूला पडतो, म्हणून मुख्य गज खाली असतात. पुढे काढलेल्या गॅलरीला आधार एकाच बाजूचा. तिथे ताण वरच्या बाजूला पडतो, म्हणून मुख्य गज वरच हवेत, आणि ते मागे घराच्या स्लॅबमध्ये पुरेसे आत गेले पाहिजेत. हे गज खाली पडले, तरी गॅलरी दिसायला तशीच दिसते. प्लास्टर होतं, रंग लागतो, वास्तुशांत होते. चूक मात्र आत राहते.

मग मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला. ''गज बांधून झाल्यावर, काँक्रीट टाकण्याआधी इंजिनीअरला दाखवाल का?'' पहिला म्हणाला, ''साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?'' दुसरा म्हणाला, ''एक दिवस फुकट जाईल.'' तिसरा म्हणाला, ''मीच फोन करतो. त्यांनी पाहिल्याशिवाय मिक्सर सुरू करायचा नाही.'' त्याचा दर सर्वांत जास्त होता. त्याने सात-आठ पावसाळे पाहिलेलं आपलं एक काम दाखवलं. गॅलरी आणि भिंत जिथे मिळतात तिथे चीर नव्हती, खालून गंजाचे डाग नव्हते. काम त्यालाच दिलं.

काँक्रीटच्या दिवशी सकाळी गज तपासून झाले. काम सुरू झालं आणि घमेली घेऊन जाणाऱ्या मजुरांच्या पायांखाली वरचे गज दोन इंच दबले. ठेकेदाराने स्वतःच काम थांबवलं. गज उचलून घेतले, खाली आणखी चेअर बसवल्या, चालायला फळ्या टाकल्या. वेळ गेला, पण त्याचे पैसे त्याने मागितले नाहीत. पुढे दोन आठवडे पाणी मारलं. टेकू इंजिनीअरने सांगेपर्यंत ठेवले आणि काढताना बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे काढत आणले.

कुणी म्हणेल, माणूस चांगला मिळाला, मग लिहून कशाला घ्यायचं? चांगल्या माणसाशीही लिहूनच घ्यावं. गजांची जाडी, काँक्रीटचा दर्जा, कठड्याची उंची किमान एक मीटर, लहान मुलाचं डोकं जाणार नाही इतक्याच अंतरावर उभे बार, हे सगळं करारात असावं. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवावी. परवानगीचा नकाशा, पावत्या, गज बांधलेले असतानाचे फोटो एका फाइलमध्ये ठेवावेत. घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा मानली जाते. तक्रारीची वेळ आलीच, तर हीच फाइल उपयोगी पडते.

विश्वास ठेवा म्हणणारे पुष्कळ भेटतात. झाकण्याआधी 'या, बघा' म्हणणारा शोधावा लागतो. पहिल्या विसर्जनाच्या दिवशी आमच्या गॅलरीत तेवीस माणसं होती. आई कठड्याशी खुर्ची टाकून बसली होती. मी मात्र मिरवणूक सोडून गॅलरीच्या खालच्या बाजूला चीर दिसते का, ते पाहत होतो. नव्हती. मग मीही वर गेलो.