ज्याला वशिला नाही, त्याने पुरावा उभा करावा
(भाषणाचा मजकूर)



शिक्षण पुरे करून बाहेर पडलेल्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो नोकरीचा. पूर्वी वर्तमानपत्रातील जाहिरात पाहावयाची, टंकलिखित अर्ज करावयाचा आणि तिकीट लावून तो पोस्टात टाकावयाचा, अशी रीत होती. आज खाजगी क्षेत्रातील बरीचशी नोकरभरती इंटरनेटवरून होते. नौकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ साली निघाले, लिंक्डइन २००३ साली सुरू झाले आणि केंद्र सरकारने नॅशनल करिअर सर्व्हिस हे आपले पोर्टल २०१५ साली उघडले. अशा ठिकाणी उमेदवार स्वतःची जी माहिती मांडतो तिला प्रोफाइल म्हणतात. मालकाचा माणूस तुम्हाला पाहण्यापूर्वी तुमचे प्रोफाइल पाहतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच तुम्हाला मुलाखतीस बोलवावयाचे की नाही हे ठरवितो. तेव्हा ते कसे लिहावे हा प्रश्न क्षुल्लक नाही. तो पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते हक्काचाही आहे.

हक्काचा का, ते सांगतो. ज्या घराण्याच्या तीन पिढ्या कचेऱ्यांत गेल्या, त्या घराण्यातील मुलाचे प्रोफाइल अर्धवट असले तरी त्याचे फारसे अडत नाही. त्याचा मामा बँकेत असतो, शेजारी कारखान्याचा व्यवस्थापक असतो. एक फोन जातो आणि काम होते. यालाच आपण वशिला म्हणतो. ज्याच्या घरातून आजवर कोणी कचेरीची पायरी चढले नाही, त्याने फोन कोणाला करावा? अशा माणसाजवळ एकच साधन उरते. ते म्हणजे पुरावा. मी व्यवसायाने वकील आहे. न्यायालयात जो मागणी करतो त्यालाच पुराव्याचा भार उचलावा लागतो, हे मी रोज पाहतो. नोकरी मागणाऱ्याची स्थिती तीच आहे. म्हणून माझे तुम्हाला आग्रहाचे सांगणे असे की, प्रोफाइलला जाहिरात समजू नका, ती तुमची साक्ष आहे असे समजा. चांगल्या साक्षीचे नियम तीन: नेमके सांगावे, खरे सांगावे आणि विचारले तेवढेच सांगावे.

नेमके सांगा

भरती करणारा मनुष्य हजारो उमेदवारांची माहिती एकेक करून वाचीत नाही. तो शोधाच्या चौकटीत कामाचे नाव, कौशल्याचे नाव आणि गावाचे नाव घालतो. ज्यांच्या प्रोफाइलमध्ये ते शब्द असतील, तीच नावे त्याच्यासमोर येतात. तुम्ही ते काम उत्तम जाणता, परंतु तो शब्दच तुम्ही लिहिलेला नाही, असे असेल तर त्याच्या लेखी तुम्ही अस्तित्वातच नाही.

एक उदाहरण घ्या. समजा, नागपुरात एक बी.कॉम. झालेली मुलगी आहे. ती दोन वर्षे एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. तिने आपल्या नावाखालच्या ओळीत लिहिले आहे, “मेहनती, प्रामाणिक व जिद्दी, नोकरीच्या शोधात.” ही चारही विधाने खरी असतील, परंतु त्यांतून मालकाला काय कळले? मेहनती म्हणविणारे लाखो आहेत, आणि या शब्दांनी कोणी हिशेबनिसाचा शोध घेत नाही. त्याऐवजी तिने लिहावे, “हिशेबनीस, टॅली, जीएसटी विवरणपत्रे, बँकेचा ताळमेळ, दोन वर्षांचा अनुभव, नागपूर.” लिंक्डइनवर या ओळीसाठी २२० अक्षरांची जागा आहे, ती पुरेशी आहे. खाली माहितीच्या भागात २,६०० अक्षरांपर्यंत लिहिता येते. तेथे तिने सांगावे की, दरमहा किती बिलांची नोंद ती करते, जीएसटीआर-१ व जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रे ती स्वतः भरते की भरण्यास मदत करते, आणि ती आली तेव्हा किती महिन्यांचा ताळमेळ राहिलेला होता व तो किती दिवसांत पुरा झाला. आकडा हा विशेषणापेक्षा मोठा साक्षीदार आहे.

जेथे इंग्रजीत नोकरभरती चालते तेथे हे सारे इंग्रजीत लिहावे लागेल. इंग्रजी साधे असावे. दुसऱ्याचे अलंकारिक इंग्रजी उतरून घेतले, तर मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नाला ते उघडे पडते. आता कृत्रिम बुद्धीची यंत्रे क्षणात मजकूर लिहून देतात. त्यांची मदत घेण्यास हरकत नाही, पण जे वाक्य तुम्हाला समोरासमोर बसून समजावून सांगता येणार नाही ते प्रोफाइलमध्ये ठेवू नका.

ज्यांनी अद्याप नोकरीच केली नाही ते विचारतील, आम्ही काय लिहावे? पगार मिळाला तेच काम, ही समजूत टाकून द्या. तुम्ही वस्तीतील अभ्यासिका चालविली असेल, जयंती समितीचे खजिनदार म्हणून वर्गणीचा पैन्‌पैचा हिशेब ठेवून तो लोकांपुढे वाचून दाखविला असेल, तर ते सार्वजनिक पैशाचे व्यवस्थापन आहे. किती पुस्तके, किती विद्यार्थी, किती रक्कम, किती वर्षे, हे लिहा.

खरे सांगा

पुष्कळ कंपन्या नेमणुकीपूर्वी किंवा नेमणुकीनंतर प्रमाणपत्रांची व अनुभवाची पडताळणी करतात. खोटी पदवी किंवा फुगविलेला अनुभव उघडकीस आला म्हणजे हातची नोकरी जाते, आणि खोट्या कागदासाठी फौजदारी खटलाही होऊ शकतो. अपुरा अभ्यासक्रम असेल तर “शेवटचे वर्ष बाकी” असे लिहा. मध्ये दोन वर्षे आजारपणात किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत गेली असतील, तर तारखांची ओढाताण न करता ते एका ओळीत सांगा. प्रोफाइल, अर्ज आणि प्रमाणपत्रे यांतील नाव, तारखा व पदनामे तंतोतंत जुळली पाहिजेत. गुणपत्रिका व प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्ये मिळत असतील तर तेथे घेऊन ठेवा. तेथून दिलेल्या कागदाला मूळ कागदाच्या बरोबरीची मान्यता आहे.

साक्षीला दुजोरा लागतो. तुमचे प्राध्यापक, पूर्वीचे वरिष्ठ, ज्यांचे काम तुम्ही केले ते गृहस्थ, यांच्याकडून दोन-तीन शिफारसी घ्या. मात्र “चांगला मुलगा आहे” एवढे न लिहिता कोणते काम कसे केले ते लिहावे, अशी त्यांना विनंती करा.

येथे कायद्याचे विद्यार्थी असतील, त्यांच्यासाठी एक इशारा. वकिलास आपल्या व्यवसायाची जाहिरात करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ३६ व्या नियमाने मनाई आहे. २००८ साली त्यात थोडी सवलत देऊन संकेतस्थळावर नाव, पत्ता व संपर्क, नोंदणीचा तपशील, शैक्षणिक पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढे देण्यास परवानगी मिळाली. सनद घेतल्यावर “सर्वोत्तम वकील” असे लिहाल तर ते शिस्तभंगाचे कारण होईल. इतरांनीही यातून बोध घ्यावा. कोणतेही विशेषण न लावता, निव्वळ वस्तुस्थितीवर माणसाची ओळख करून देता येते.

विचारले तेवढेच सांगा

आपल्याकडे बायोडाटा लिहिण्याची एक जुनी सवय आहे. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, घरचा पूर्ण पत्ता, सारे काही त्यात येते. लग्नाच्या स्थळासाठी केलेला कागदच जणू नोकरीच्या अर्जाला जोडलेला असतो. हिशेब लिहिण्यास यांतील कशाची गरज आहे? सरकारी अर्जात जातीचा रकाना असतो, कारण तेथे त्या माहितीतून राखीव जागेचा हक्क निर्माण होतो. तेथे तो रकाना अभिमानाने आणि अचूक भरा. खाजगी प्रोफाइलमध्ये त्या माहितीतून हक्क निर्माण होत नाही; तेथे ती देण्याचे कर्तव्यही तुमच्यावर नाही. आधार कार्डाचे छायाचित्र, जन्मतारीख व घरचा पत्ता तर कोणालाही दिसेल अशा ठिकाणी मुळीच ठेवू नका.

परंतु जे स्पष्ट विचारले आहे त्याचे उत्तर खोटे देऊ नका. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली, पडताळणीच्या अर्जात दडविलेल्या माहितीविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जी माहिती नेमकी विचारली आहे तीच देण्याचे बंधन उमेदवारावर असते, असे न्यायालयाने म्हटले. तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणाकडे मालकास दुर्लक्ष करता येते, असेही सांगितले. आपल्यातील अनेक तरुणांवर मोर्चा-आंदोलनांतील खटले असतात, म्हणून हा निकाल लक्षात ठेवा. विचारले नसेल तर सांगण्याची घाई नको, आणि विचारले असेल तर लपवाछपवी नको.

आडनावाचा प्रश्न

आता अवघड प्रश्नाकडे वळतो. जात लिहिली नाही तरी आडनाव ती सांगते, त्याचे काय? हा संशय काल्पनिक नाही. प्रा. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. तुलनेच्या अर्जांत पात्रता सारखीच होती, फरक नावांचा होता. पुढच्या टप्प्यास बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोनतृतीयांश, तर मुसलमान नावाला सुमारे एकतृतीयांश निघाली.

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली ही की, उत्तम प्रोफाइल लिहूनही बोलावणे आले नाही तर दर वेळी स्वतःला दोष देऊ नका. दोष वाचणाऱ्याच्या डोळ्यांत असू शकतो. दुसरी ही की, जो अन्याय नावावर होतो त्याचे उत्तर नाव पुसणे हे नाही. शासनाच्या राजपत्रात सूचना देऊन नाव बदलणे कायदेशीर आहे आणि तो ज्याचा त्याचा अधिकार आहे. परंतु केवळ प्रोफाइलवर दुसरे आडनाव लावले, तर पडताळणीच्या दिवशी प्रमाणपत्रे वेगळे बोलतील आणि खरा मनुष्य खोटा ठरेल. शिवाय जी नोकरी नाव लपवून मिळवावी लागते, ती टिकविण्यासाठी ते रोज लपवावे लागते. माझे मत स्पष्ट आहे: नाव आहे तेच ठेवा आणि त्याच्या शेजारी पुरावा इतका भक्कम ठेवा की, नकार देणाऱ्याला कारण सापडू नये.

कायदा आपल्या बाजूने कितपत आहे? संविधानाचा १६ वा अनुच्छेद सरकारी नोकरीपुरता आहे. परंतु १७ वा अनुच्छेद खाजगी माणसावरही बंधनकारक आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या ४ थ्या कलमाखाली अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला नोकरीच्या बाबतीत अडथळा करणे हा गुन्हा आहे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध झाले असेल, तर ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे १२ वे कलम सांगते. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध धर्म मानणाऱ्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तरीही सत्य हे की, न आलेल्या पत्राविरुद्ध खटला उभा करणे फार कठीण आहे. म्हणूनच जाहिरात, अर्जाची तारीख, आलेले उत्तर आणि कोणी जातीविषयी प्रश्न केला असेल तर तो संदेश, हे जपून ठेवा. मूळ संदेश पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यास प्रमाणपत्र जोडावे लागते.

ओळख आपल्या वस्तीबाहेर न्या

प्रोफाइल लिहून स्वस्थ बसू नका. आपण आपल्या मित्रांशी व नातलगांशीच जोडलेले राहतो, आणि ज्या जागा त्यांना ठाऊक असतात त्या आपल्यालाही ठाऊक असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखविले की, नोकरीची बातमी पुष्कळदा दूरच्या ओळखीतून येते. २०२२ साली लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही, घट्ट मैत्रीपेक्षा बेताच्या ओळखी नोकरी मिळविण्यास अधिक उपयोगी पडल्याचे दिसले. तेव्हा तुमच्या क्षेत्रातील अनोळखी माणसालाही नम्रपणे दोन ओळी लिहा. एकदम नोकरी न मागता त्याच्या कामाविषयी एक नेमका प्रश्न विचारा. आणि तुमच्यापैकी जे नोकरीस लागले आहेत, त्यांनी मागून येणाऱ्याच्या पत्राला उत्तर द्यावे. ज्यांना वशिला नव्हता त्यांनी एकमेकांना खरी माहिती देणे, हा वशिला नव्हे. ते ऋण फेडणे आहे.

एक सावधगिरी. नोकरी देतो म्हणून अनामत रक्कम, प्रशिक्षणाचे शुल्क किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मागणारा मनुष्य मालक नसून ठग आहे असे समजा. फसवणूक झाल्यास लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आज घरी गेल्यावर आपले प्रोफाइल उघडा. प्रत्येक ओळीपुढे थांबून स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही ओळ नेमकी आहे काय? ती मला सिद्ध करता येईल काय? ती सांगण्याची गरज आहे काय? ज्या ओळीचे उत्तर नाही असे येईल ती खोडा, आणि तिच्या जागी तुम्ही स्वतःच्या हाताने केलेले एक काम लिहा. असे काम तुमच्यापैकी प्रत्येकाजवळ आहे. ते आजवर कोणी कागदावर मांडले नाही, एवढेच.