खुर्ची घरची, वीणही घरची

गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना, आईला खाली बसवत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला की ती गोठ्यामागे पडते. तिला दुरुस्ती नाही. म्हणून आज लाकडी खुर्चीविषयी बोलू, नवारीने विणलेल्या.

आधी लाकूड. बाभूळ चिवट, औताला चालते तशी खुर्चीलाही चालते. सागाच्या नादी लागू नका. १९६४ च्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

पाय पावणेदोन इंच जाड, आडव्या दांड्या इंचभर जाडीच्या. दोन पायांमध्ये आतून १४ इंच जागा ठेवा. बैठकीची उंची मात्र माझ्या मापाने धरू नका. जिच्यासाठी खुर्ची करायची, तिच्या टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत मोजा. मागचे दोन पाय लांब ठेवले की तेच पाठीचे खांब होतात.

खरी मेख सांध्यात आहे. दांड्या चुलीजवळ ठेवून खडखडीत वाळवा. पाय मात्र थोडे कमी वाळलेले असू द्या. गिरमिटाने पायाला पाऊण इंची, एक इंच खोल भोक पाडा. दांडीचे टोक त्यात ठोकून बसेल इतकेच तासा. पुढे पाय वाळताना आकसतो, दांडी त्याच्यातला ओलावा घेऊन किंचित फुगते आणि सांधा आपोआप आवळतो. एकाच पायात दोन बाजूंच्या दांड्या येतात. त्यांची भोके इंचभर वर-खाली घ्या, नाहीतर आत एकमेकींना भिडतील. गिरमिट-पटाशी हातात धरायला लाजू नका. विळा-कोयता आपण रोजच चालवतो की!

आता वीण. दोन इंची सुती नवार घ्या. एका दिशेला सात वेढे, वेढ्याला तीन फूट. दोन्ही दिशांचे मिळून साधारण १३ मीटर होतात. जोडासाठी दीड मीटर जादा धरा. टोक मागच्या दांडीला आतून चुका मारून पक्के करा आणि पुढून मागे, वरून खालून वेढे घ्या. हे वेढे ढोलकीसारखे ताणू नका. हाताने दाबल्यावर बोटभर खाली गेले पाहिजेत, कारण आडवी पट्टी ओवताना ते स्वतःच ताणले जातात. आडवी पट्टी एकावरून, एकाखालून. पुढची ओळ उलटी. खालच्या बाजूनेही तशीच ओवा. शेवटच्या दोन ओळींना हात दुखतो, तिथे जोडीला कुणीतरी हवेच. जोड गाठीने नको, बसताना टोचतो. दाभणाने शिवा आणि खालच्या बाजूला ठेवा.

गटातून विकायची असेल तर पहिल्या खुर्चीपासून तास लिहून ठेवा. लाकूड आणि नवार यांचा हिशेब सगळ्याच धरतात, विणण्याचा धरत नाहीत. गिऱ्हाईकही म्हणते, "घरी बसल्या बसल्या तर केलंय." तुमच्या गावात शेतमजुरीचा जो दर असेल, निदान तो तरी तासांना लावा. त्या भावात खुर्ची खपत नसेल तर घरापुरत्याच करा. मजुरी सोडून विकू नका.

सुती नवार वापरून सैल होते. म्हणून शेवटचे टोक खिळ्यांनी कायमचे ठोकू नका, दाभणाने शिवून ठेवा. महिन्याभराने उसवायचे, एकेक ओळ ओढत यायचे आणि पुन्हा शिवायचे.