श्वानपैदाशीतील एक छुपा संसर्ग
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात शिक्षण, विवाह आणि शिष्यवृत्त्या यांवर बोलण्याचा प्रघात आहे. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने एका पशुवैद्याला व्यासपीठावर उभे केले आहे. कारण उघड आहे. आपल्या अनेक कुटुंबांत कारवानी कुत्री हौसेने बाळगली जातात. काही तरुणांनी पैदास हा जोडधंदाही केला आहे. नर एका घरचा, मादी दुसऱ्या घरची आणि पिले तिसऱ्या घरी, असा हा व्यवहार नात्यागोत्याच्या विश्वासावर चालतो. त्याच विश्वासाच्या वाटेने एक रोगही घरोघर जाऊ शकतो, हे मला आज सांगावयाचे आहे.

आरंभी माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांनी आपली कुत्री माझ्याकडे आणली. अंगाने धडधाकट, खाणेपिणे उत्तम, ताप नाही. परंतु लागोपाठ दोन वेळा तिने गाभ टाकला होता. मी अशक्तपणा समजून शक्तिवर्धक औषध दिले. नर कोणता, तो आणखी कोणकोणत्या माद्यांना लावला होता, हे विचारलेच नाही. मालकांनी तिला वांझ ठरवून दुसऱ्यास देऊन टाकले. तिला नेमके काय झाले होते, हे आता कळणे नाही. पण तिचे आणि त्या नराचेही रक्त तपासावयास हवे होते, ही रुखरुख आजही मनात आहे.

अशा प्रसंगी ज्याचा संशय प्रथम यावा, त्या जंतूचे नाव ब्रुसेला कॅनिस. याचे भाऊबंद फार पूर्वीपासून ज्ञात आहेत. माल्टा बेटावरील तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली शोधला. गाईंच्या गर्भपाताचा जंतू डेन्मार्कचे बर्नहार्ड बँग यांनी १८९७ साली. कुत्र्यांतील हा जंतू मात्र १९६६ साली उघडकीस आला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉ. लेलँड कारमायकेल यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांतील गर्भपातांचा शोध घेताना तो वेगळा काढला.

कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण असते. या रोगात ती बहुधा ४५ ते ५९ दिवसांच्या दरम्यान गाभ टाकते आणि नंतर कित्येक आठवडे स्राव होत राहतो. कधी गर्भ आरंभीच जिरून जातो. मालकाला वाटते, मादी गाभण राहिलीच नाही. कधी पिले मेलेली अथवा मरतुकडी जन्मतात. नराच्या वृषणाला आणि त्यास लागून असलेल्या नलिकेला सूज येते, पुढे वृषण आक्रसतात. परंतु पुष्कळदा नर वरून अगदी निरोगी दिसतो आणि वीर्यातून व मूत्रातून महिनोन्‌महिने जंतू पसरवीत राहतो. दोष मात्र मादीच्या माथी बसतो! बंधुभगिनींनो, मूल न होण्याचा बोल केवळ स्त्रीला लावण्याची जुनी खोड आपण घरात सोडू पाहत आहोत. ती गोठ्यात आणि अंगणातही सोडली पाहिजे.

संसर्ग केवळ समागमानेच होतो असे नाही. गाभ टाकलेल्या जागी पडलेली वार आणि स्राव हुंगल्याने वा चाटल्यानेही तो होतो. गाईच्या कालवडींना या जातीच्या रोगावर लस आहे. कुत्र्यांसाठी लस नाही. प्रतिजैविके दीर्घकाळ दिली तरी रोग समूळ जाईल याची शाश्वती नसते, कारण जंतू शरीराच्या पेशींच्या आत दडून राहतो. म्हणून बाधित जनावर पैदाशीतून कायमचे काढावे लागते.

तेव्हा काय करावे? जोड लावण्यापूर्वी नर आणि मादी दोघांचेही रक्त तपासून घ्यावे. नवे कुत्रे घरी आणल्यावर आठ ते बारा आठवडे वेगळे ठेवावे आणि त्या अवधीत निदान चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासावे. ताजा संसर्ग पहिल्या तपासणीत निसटू शकतो. उलट, प्राथमिक चाचणी कधी कधी निष्कारण दोष दाखविते. म्हणून दुसऱ्या चाचणीने खात्री केल्यावाचून कोणत्याही जनावराला दोषी ठरवू नये. पडलेला गर्भ व वार हातमोजे घालूनच उचलावी, जागा जंतुनाशकाने धुवावी आणि गर्भवती स्त्रिया व मुले यांना तेथून दूर ठेवावे.

कारण हा रोग माणसालाही होतो. ये-जा करणारा ताप, घाम, सांधेदुखी, थकवा ही त्याची लक्षणे. माणसांतील ब्रुसेलोसिसच्या नेहमीच्या रक्तचाचण्यांत कुत्र्यापासून आलेला हा जंतू सापडत नाही. यास्तव ताप हटत नसेल, तर आपल्या घरी कुत्र्यांची पैदास होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शेवटी एक विनंती. आपल्या माणसाकडे तपासणीचा कागद मागणे हा अविश्वास मानू नये, आणि आपल्या घरी मादीने गाभ टाकला तर ते लपवू नये. ज्याच्या घरी आपला नर गेला होता, त्याला त्याच दिवशी कळवावे. अशा वेळी मौन धरल्यास शेजारच्या घरची पिले मरतात. स्थळ पाहताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. मुक्या जनावरांसाठी एक रक्ताचा थेंब तपासणे काही जड नाही.