यादी शेवटी, इलेक्ट्रॉन आधी

बारावीचे पेपर संपले, की फार्मसीला जाऊ पाहणारी मुलं एमएचटी-सीईटीच्या मागे लागतात. त्यात सेंद्रिय रसायनशास्त्राची, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या ‘ऑरगॅनिक’ची, उजळणी बहुतेक घरांत एकाच पद्धतीने चालते. नेम रिअ‍ॅक्शनची लांबलचक यादी भिंतीवर चिकटवायची आणि जाता-येता घोकायची. माझं म्हणणं असं, की ही यादी उजळणीच्या शेवटी यावी. सुरुवात व्हावी ती अकरावीच्या मूलतत्त्वांच्या प्रकरणापासून. इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात, कोणता आयन जास्त स्थिर आणि का, हे तिथे सांगितलेलं असतं. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के, म्हणून मुलं ते प्रकरण सोडून देतात. पण बारावीतली हॅलोअल्केन, अल्कोहोल, अल्डिहाइड, अमाइन ही सगळी प्रकरणं त्याच्याच जोरावर समजतात.

एक उदाहरण नीट पाहू. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया झाली की 2-ब्रोमोप्रोपेन मिळतं. पेरॉक्साइड घातलं, तर मुख्यतः 1-ब्रोमोप्रोपेन. पाठ करणाऱ्याच्या दृष्टीने या एकमेकींच्या उलट दोन गोष्टी आहेत आणि परीक्षेत त्यांचीच अदलाबदल होते. आता हेच कागदावर काढून बघा. पेरॉक्साइड नसताना आधी हायड्रोजन टोकाच्या कार्बनला चिकटतो, धनप्रभार मधल्या कार्बनवर येतो, कारण तिथे तो अधिक स्थिर असतो, आणि मग ब्रोमाइड तिथे जाऊन बसतो. पेरॉक्साइड असताना आधी येतो तो ब्रोमिनचा मुक्त मूलक. तोही टोकालाच चिकटतो, कारण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवरच अधिक स्थिर राहतो. कारण दोन्हीकडे एकच. बदललं ते फक्त आधी कोण आलं एवढंच. खराश आणि मेयो यांनी 1933 मध्ये दाखवलेला हा परिणाम हायड्रोजन क्लोराइडला का लागू होत नाही, हा पेपरातला आवडता प्रश्न. हायड्रोजन-क्लोरिन बंध मोडायला मोलमागे सुमारे 430 किलोज्यूल लागतात, ब्रोमिनच्या बंधाला सुमारे 364. पेरॉक्साइडने सुरू केलेली साखळी त्या भक्कम बंधापाशी अडते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो रास्त आहे. भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. म्हणजे प्रश्नामागे 54 सेकंद. तिथे इलेक्ट्रॉनची वाट दाखवणारे बाण काढत कोण बसेल? कुणीच बसू नये. बाण काढायचे ते उजळणीच्या दिवसांत, कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून. दहा वेळा काढलेली वाट परीक्षेत क्षणात आठवते. नुसती घोकलेली यादी मात्र शेजारच्या दोन नावांत गल्लत करते, आणि चार पर्यायांतले निदान दोन त्या गल्लतीसाठीच रचलेले असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून अंदाज मारायला हरकत नाही. पण दोन पर्याय ठामपणे खोडून मारलेला अंदाज आणि चारांतून उचललेला अंदाज यांत फार फरक आहे.

दुसरा आक्षेप असा, की काही गोष्टी पाठच कराव्या लागतात. हो, लागतात. ल्युकास अभिकारक म्हणजे संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि निर्जल झिंक क्लोराइड, हे तर्काने सापडणार नाही. पण यादीतलं बरंचसं असं नाही. अल्डॉल की कॅनिझारो, हे ठरवायला कार्बोनिल गटाशेजारच्या कार्बनवर हायड्रोजन आहे का, एवढंच बघायचं. असिटाल्डिहाइडमध्ये तो आहे. सौम्य अल्कली तो ओढून घेतं आणि अल्डॉलची वाट उघडते. बेंझाल्डिहाइडमध्ये नाही, मग संहत अल्कलीत त्याचा एक रेणू अल्कोहोल होतो, दुसरा आम्लाचा क्षार. दोघांना सौम्य अल्कलीत एकत्र आणून तापवा, सिनॅमाल्डिहाइड मिळतं. दालचिनीचा वास याचाच.

औषधशास्त्राच्या वाटेवर असलेल्यांना तर ही सवय पुढे रोज लागणार आहे. अ‍ॅस्पिरिनच बघा. सॅलिसिलिक आम्लाच्या फिनॉल गटावर असिटिल गट चढवला की ते तयार होतं. तो जोड एस्टरचा, म्हणून ओलाव्याने तुटतो. पावसाळ्यात बूच सैल राहिलेली जुनी बाटली उघडली, की व्हिनेगरचा आंबूस वास येतो, तो सुटलेल्या असिटिक आम्लाचा. त्या गोळीच्या द्रावणात उदासीन फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले तर जांभळा रंग येतो, कारण झाकलेला फिनॉल गट उघडा पडलेला असतो. शुद्ध अ‍ॅस्पिरिनला हा रंग येत नाही. पॅरासिटामॉलमध्येही असिटिल गटच आहे, पण तो नायट्रोजनवर, अमाइडच्या जोडाने बसलेला. नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन कार्बोनिलकडे अधिक झुकवतो, म्हणून पाण्याला तिथे सहज शिरकाव मिळत नाही, आणि तशाच दमट हवेतल्या पॅरासिटामॉलच्या बाटलीला तो वास येत नाही.