खांदा आणि खुबा

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षांपूर्वीच्या पहिल्या तुकड्यांतील आजी-आजोबा आणि आज पहिलीत शिकणारी मुले या सभागृहात एकत्र बसली आहेत. माझ्या विषयाला असा श्रोतृवर्ग मिळावा, हे माझे भाग्य. ज्या दोन सांध्यांविषयी मी बोलणार आहे, त्यांपैकी एक खेळत्या वयात जपावा लागतो आणि दुसरा उतारवयात.

मानवी शरीरातील २०६ हाडांपैकी १२६ हाडे हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या भागांची आहेत. त्यांची रचना पाहता निसर्गाने एकच आराखडा दोनदा वापरला आहे, असे वाटते. दंडात एक हाड, मांडीतही एक. कोपराखाली दोन, गुडघ्याखालीही दोन. मनगटात आठ लहान हाडे, पावलाच्या मागील भागात सात. आणि शेवटी पाच बोटे. गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हाताचा अंकुर दिसू लागतो, त्यापाठोपाठ पायाचा. पुढे हे अंकुर परस्परविरुद्ध दिशांना वळतात; म्हणून आपले कोपर मागे आणि गुडघे पुढे येतात.

खरा भेद आहे तो धडाशी होणाऱ्या जोडणीत. कमरेचे प्रत्येक हाड बालपणी तीन भागांचे असते. हे तिन्ही भाग खुब्याच्या उखळीत एकत्र येतात आणि किशोरवयात सांधून एकजीव होतात. मागे ही हाडे त्रिकास्थीला घट्ट बांधलेली असतात. ती त्रिकास्थीही पाच मणके जुळून झालेली. पुढे उजवे-डावे हाड कूर्चेने जोडलेले असते. अशा रीतीने श्रोणीचे एक बंद कडे तयार होते. डोके, हात आणि धड यांचा सारा भार या कड्यातून मांड्यांत उतरतो. खुब्याची उखळी खोल असून मांडीच्या हाडाचा गोल माथा तीत चांगला रुतलेला असतो. समोरून त्याला आवळून धरणारा अस्थिबंध हा शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंध मानला जातो. त्याच्यामुळेच आपण फारसे स्नायू न शिणवता ताठ उभे राहू शकतो.

खांद्याची तऱ्हा अगदी वेगळी. खवाट्याचे हाड कण्याला कोठेही जोडलेले नाही. स्नायूंच्या आधाराने ते बरगड्यांवर सरकत राहते. संपूर्ण हाताचा छातीच्या पिंजऱ्याशी हाडाचा सांधा असा एकच, गळ्याखालचे आडवे हाड जेथे उरोस्थीला मिळते तेथे. घोड्याला किंवा बैलाला हे आडवे हाड नसते; त्यांचे पुढचे पाय धावण्यासाठी आणि भार पेलण्यासाठी आहेत. आपल्याकडे ते आहे म्हणून हात छातीपासून दूर राहून चहूकडे फिरू शकतो. खांद्याचा सांधाही उखळीचाच. पण ही उखळी बशीसारखी उथळ आहे. दंडाच्या हाडाच्या माथ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा एका वेळी तिला टेकतो. माथा जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः चार लहान स्नायू करतात. हात कानापाशी उभा धरताना सुमारे १२० अंशांची हालचाल या सांध्यात होते, तर उरलेले ६० अंश खवाटा फिरल्याने मिळतात.

थोडक्यात, खुब्याने स्थैर्य घेतले आणि हालचालीची मोकळीक कमी केली. खांद्याने मोकळीक घेतली आणि स्थैर्य सोडले. दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते. मोठ्या सांध्यांपैकी सर्वाधिक वेळा निखळतो तो खांदाच, आणि एकदा निखळला की तरुण वयात पुनःपुन्हा निखळण्याचा संभव असतो. म्हणून मुलांनो, मैदानावर कोणाचा खांदा निखळला तर हात ओढून बसवू पाहू नका. त्या ओढाताणीत नसा आणि रक्तवाहिन्या दुखावतात. हात आहे तसा झोळीत अडकवा आणि डॉक्टरांकडे न्या.

खुबा सहसा निखळत नाही. वृद्धापकाळी, हाडे ठिसूळ झाल्यावर, साध्या पडण्याने मोडते ती खुब्यालगतची मांडीच्या हाडाची मान. माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या या मानेवरूनच जातात; त्या तुटल्यास माथा निर्जीव होऊ शकतो. त्यातच दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे म्हातारपणी जिवावर बेतते. तेव्हा आजी-आजोबांनो, न्हाणीघरातील ओली फरशी, रात्रीचा अंधार आणि पायात अडकणारी सतरंजी यांना क्षुल्लक समजू नका. रोज चालत राहा. भार पेलणारे हाडच बळकट राहते.

जाता जाता एकच सांगतो. खवाटा, खुबा, उखळी, बिजागरी हे शब्द आपल्या घरात होतेच. उखळीचा सांधा म्हणताच स्वयंपाकघरातील उखळ डोळ्यांपुढे येते आणि सांध्याचे काम आपोआप कळते. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या या शाळेने साठ वर्षे मुलांच्या हाती हे शब्द दिले. पुढे हीच मुले अन्य भाषांत वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकली. पण समजून घेण्याची सवय त्यांना येथेच लागली. ती सवय येथील पुढच्या पिढ्यांनाही लागो, अशी शुभेच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.